सिअर्सचं घर म्हणजे नेमकं काय, आणि ते कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात एक जुनं लाकडी घर विकायला आहे. दलाल सांगतो की हे १९२६ सालचं 'सिअर्स होम' आहे, म्हणजे त्या काळात सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या शिकागोच्या कंपनीच्या कॅटलॉगमधून निवडून, टपालाने ऑर्डर देऊन रेल्वेने मागवलेलं घर. असं खरंच होत होतं का, ते पडताळायचं कसं, आणि अशा घरासाठी जास्त पैसे मोजावेत का?

होत होतं, आणि फार मोठ्या प्रमाणावर होत होतं. इलिनॉयमध्ये तर अशी घरं गावोगाव सापडतात. एकट्या एल्जिन शहरात दोनशेहून जास्त सिअर्स घरांची नोंद झाली आहे. तरीही दलालाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. मी या भागातली जुनी लाकडी घरं तपासण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम बरीच वर्षं करतो आहे. 'सिअर्सचं' म्हणून दाखवलेलं घर प्रत्यक्षात दुसऱ्याच कंपनीचं, किंवा गावातल्याच सुताराने वखारीतलं लाकूड आणून बांधलेलं निघतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. खात्री कशी करायची हे कळण्यासाठी आधी हा व्यवसाय कसा चालायचा ते समजून घ्यावं लागेल, म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

पहिली गोष्ट, रेल्वेने घर यायचं म्हणजे तयार भिंती किंवा तयार खोल्या यायच्या नाहीत. यायचं ते लाकूड. प्रत्येक कडी, प्रत्येक वासा, भिंतीतला प्रत्येक उभा स्टड कारखान्यात मापात कापलेला आणि क्रमांक टाकलेला. त्याच्यासोबत दारं, खिडक्या, जिन्याच्या पायऱ्या, छपराचे शिंगल्स, बिजागऱ्या, कुलपं, रंगाचे डबे आणि शेकडो पौंड खिळे. मध्यम आकाराच्या घराचे सुटे भाग दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत भरत आणि मालगाडीचे एक-दोन डबे लागत. कोणता तुकडा कुठे बसतो हे दाखवणारे नकाशे आणि बांधणीच्या सूचनांची पुस्तिका असे. पाया, तळघराच्या भिंती, विटा, वाळू, सिमेंट हे सगळं घेणाऱ्याने आपल्या गावात बघायचं. नळकाम, वीज आणि घर गरम ठेवायची भट्टी यांचे पैसे वेगळे. डबा स्टेशनवर लागला की वेळेत रिकामा करावा लागे, नाहीतर रेल्वे दंड आकारायची. त्यामुळे शेजारीपाजारी घोडागाड्या घेऊन मदतीला येत. कॅटलॉगमधली किंमत पाहून आज लोक थक्क होतात, पण ती किंमत पूर्ण घराची नव्हती हे लक्षात ठेवा. जमीन, पाया, मजुरी, नळ, वीज धरल्यावर खर्च सहज दुपटीच्या आसपास जाई.

हे शक्य झालं ते मुळात अमेरिकेतल्या बांधणीच्या पद्धतीमुळे. आपल्याकडच्या वाड्यात जाड खांब, जाड तुळया आणि लाकडात लाकूड अडकवणारे खाचांचे सांधे असतात. ते काम कसबी सुतारच करू जाणे. अमेरिकेत १८३० च्या दशकात शिकागोच्या आसपास 'बलून फ्रेम' नावाची पद्धत रुजली. त्यात जाड खांबांऐवजी दोन इंच जाडीचे पातळ दांडे जवळजवळ उभे करायचे आणि फक्त खिळ्यांनी जोडायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेपासून यंत्राने केलेले स्वस्त खिळे आले आणि ही पद्धत देशभर पक्की झाली. घर म्हणजे ठरावीक जाडीचे, फक्त लांबी आणि टोकाच्या कोनात वेगळे असे काही हजार दांडे, असं झाल्यावर ते दूरच्या कारखान्यात कापून ठेवता येतं हे कुणाला तरी सुचणारच होतं.

सुचलं ते मिशिगन राज्यातल्या बे सिटीत. सॅगिनॉ नदीवरचं हे गाव पाइनच्या जंगलांवर आणि सॉ मिलवर मोठं झालेलं. त्या भागात एक कंपनी बोटीचे कापलेले भाग टपालाने विकत असे. घेणाऱ्याने ते घरी जोडून बोट तयार करायची. विल्यम आणि ऑटो सॉव्हरिन या भावांनी तोच विचार घराला लावला आणि १९०६ मध्ये धंदा सुरू केला. तीच पुढे अ‍ॅलॅडिन कंपनी म्हणून प्रसिद्ध झाली. सुरुवात बोटी ठेवायच्या शेड, गॅरेज आणि उन्हाळी झोपड्या यांच्यापासून झाली, मग पूर्ण घरं आली. बाहेरच्या भिंतीच्या फळ्यांत लाकडाची गाठ सापडली तर प्रत्येक गाठीमागे एक डॉलर परत, अशी त्यांची जाहिरात होती. ग्राहकाने लाकूड न पाहता पैसे पाठवायचे, तर त्याला असलंच वचन द्यावं लागतं. १९१५ मध्ये व्हर्जिनियातल्या होपवेल इथे ड्यूपाँट या रासायनिक कंपनीच्या कामगारांसाठी अ‍ॅलॅडिनची घरं उभी राहिली. १९१७ मध्ये तर इंग्लंडमधल्या मोटार कारखानदार हर्बर्ट ऑस्टिन यांनी बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिज इथल्या कामगारांसाठी अ‍ॅलॅडिनचे २०० सीडरचे बंगले महायुद्ध चालू असताना अटलांटिक ओलांडून मागवले. ती वसाहत 'ऑस्टिन व्हिलेज' म्हणून अजून राहती आहे. अ‍ॅलॅडिनने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काम केलं आणि ७५ हजारांच्या आसपास घरं विकली.

म्हणजे किट घराची, म्हणजे सुटे भाग विकून घेणाऱ्याने जोडायच्या घराची, कल्पना सिअर्सची नव्हे. सिअर्सकडे होता तो लोकांचा विश्वास. रिचर्ड सिअर्स यांनी १८८६ मध्ये मिनेसोटात घड्याळं विकायला सुरुवात केली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या होमन अव्हेन्यूवर त्यांच्या कंपनीचा प्रचंड कारभार उभा राहिला. सरकारने खेड्यापाड्यांत घरपोच टपाल सुरू केल्यामुळे तिचा कॅटलॉग शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत पोहोचला होता. जे कुटुंब शिवणयंत्र, नांगर, चुलीपासून लग्नाच्या कपड्यांपर्यंत सगळं त्यातून मागवत होतं, त्याला घर मागवायला फार धाडस लागलं नाही.

गंमत म्हणजे सिअर्सचा घरांचा विभाग जन्माला आला तो तोट्यातून. बांधकामाच्या साहित्याची विक्री मार खात होती. १९०६ मध्ये कंपनीतले व्यवस्थापक फ्रँक कुशेल यांच्याकडे ते खातं बंद करण्याच्या विचाराने आलं, आणि त्यांनी उलट सुचवलं की साहित्य सुटं विकण्याऐवजी संपूर्ण घराचं एकत्र विकूया. १९०८ मध्ये घरांच्या नकाशांचा पहिला स्वतंत्र कॅटलॉग निघाला. त्यात काही शे डॉलरपासून अडीच हजार डॉलरच्या आसपासपर्यंतची घरं होती. पुढच्या काही वर्षांत सिअर्सने लुइझियानात मॅन्सफिल्डला सॉ मिल घेतली, इलिनॉयच्या दक्षिण टोकाला कैरो इथे लाकूड कापण्याचा कारखाना आणि ओहायोत नॉरवुडला दारं-खिडक्यांचा कारखाना चालवला.

एक बारकावा इथेच सांगतो, कारण पडताळणीत तो फार उपयोगी पडतो. सुरुवातीची सिअर्स घरं कापून येत नसत. लाकूड पूर्ण लांबीचं यायचं आणि सुताराने जागेवर कापायचं. मापात कापलेलं, क्रमांकाचं लाकूड सिअर्सकडून १९१० च्या दशकाच्या मध्यापासून येऊ लागलं. त्याचा फायदा पटवण्यासाठी कंपनीने कैरोमध्ये 'रोडेसा' या एकाच नमुन्याची दोन घरं शेजारीशेजारी बांधली आणि कॅटलॉगमध्ये छापलं की कापलेल्या लाकडाचं घर सुतारकामाच्या ३५२ तासांत झालं, न कापलेल्याला ५८३ तास लागले. ही कंपनीची स्वतःची जाहिरात आहे, पण हाताने करवत चालवायच्या काळात इतका फरक पडणं मला पूर्ण पटतं. बचत होती ती सगळी करवतीखालची.

सिअर्सच्या घरांचं सगळ्यात मोठं एकत्र उदाहरण तुमच्याच राज्यात आहे, सवड काढून जरूर पाहा. १९१८ मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियाना या कंपनीला दक्षिण-मध्य इलिनॉयमधल्या कोळशाच्या खाणींसाठी कामगारांची घरं हवी होती. तिने सिअर्सला सुमारे १० लाख डॉलरची ऑर्डर दिली. त्यातली १५६ घरं कार्लिनव्हिल गावात बारा ब्लॉकमध्ये उभी राहिली. एलिझाबेथ स्पॉल्डिंग नावाच्या बाई घोड्यावरून फिरून त्या बांधकामावर देखरेख ठेवत. काही वर्षांतच खाणी बंद झाल्या, घरं ओस पडली आणि १९३० च्या दशकात मातीमोल भावाने विकली गेली. आज त्यातली जवळजवळ सगळी उभी आहेत. मोजकेच नमुने, आलटून पालटून आणि डावं-उजवं करून वापरलेले. शंभर वर्षांत मालकांनी एकाच नमुन्याचं काय काय केलं हे तिथे एका फेरीत दिसतं: कुणी पुढची पडवी बंद करून खोली केली, कुणी फळ्यांवर अ‍ॅल्युमिनियम ठोकलं, कुणी मूळ खिडक्या जपल्या. या क्षेत्रात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तिथे पाठवतो.

आता पैशाची बाजू, कारण माझ्या मते सिअर्सची खरी ताकद आणि शेवटी तिचा घात तिथेच होता. १९११ पासून सिअर्स घरासाठी कर्जही देऊ लागली. आधी फक्त साहित्यासाठी, पुढे मजुरी आणि इतर खर्चासाठीही, सर्वसाधारणपणे ६ टक्के व्याजाने. अर्ज टपालाने जायचा. गावातल्या बँकेत ओळख नसलेल्या, नुकतंच देशात आलेल्या माणसालाही दारात उभं राहून गयावया करावी लागत नसे. हजारो कुटुंबांना भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात आणलं ते या कर्जाने. मग १९२९ ची मंदी आली. नोकऱ्या गेल्या, हप्ते थकले आणि सिअर्सला आपल्याच ग्राहकांच्या घरांवर जप्ती आणावी लागली. जो माणूस जप्तीत घर गमावतो तो त्या दुकानातून पुन्हा पातेलंही विकत घेत नाही. १९३३ मध्ये कर्जं थांबली, १९३४ मध्ये १ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रकमेची गहाणखतं निकाली काढली गेली. विभाग थोडा सावरला, पण १९४० चा कॅटलॉग शेवटचा ठरला. तोवर सिअर्सच्या म्हणण्याप्रमाणे ७० ते ७५ हजार घरं विकली गेली होती, ४४७ नमुन्यांत. पुढे कार्यालयाच्या साफसफाईत विक्रीच्या नोंदी नष्ट झाल्या. कुणाला, कुठे, कोणतं घर गेलं याची यादीच उरली नाही. तुमच्यासारख्या ग्राहकाला आज घराच्या लाकडावर खुणा शोधाव्या लागतात त्याचं कारण हे.

बाकीच्या कंपन्यांचा फक्त उल्लेख करतो. मंट्गमरी वॉर्ड ही सिअर्ससारखीच कॅटलॉगची कंपनी 'वॉर्डवे होम्स' विकायची, पण तो माल आयोवातल्या डॅव्हनपोर्टच्या गॉर्डन-व्हॅन टाइन कंपनीचा असे. बे सिटीतच लुईस आणि स्टर्लिंग या आणखी दोन कंपन्या होत्या. लॉस एंजेलिसची पॅसिफिक रेडी-कट सुमारे ३७ हजार घरं विकून गेली. कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ मैदानी प्रदेशात, ईटन्स या दुकानाच्या कॅटलॉगमधून घरं जात. दुसऱ्या महायुद्धानंतर ओहायोच्या कोलंबसमधून एनॅमल केलेल्या पोलादाची लस्ट्रॉन घरं निघाली, पण अडीच हजारांच्या आसपास घरं करून १९५० मध्ये ती कंपनी बुडाली. युद्धानंतर एकेका जागी शेकडो घरं बांधणारे मोठे बिल्डर आले. त्यांच्या सुतारांच्या हातात विजेची करवत होती, तेव्हा दूरच्या कारखान्यात लाकूड कापून घेण्याचं कारणच उरलं नाही.

मुंबईकर विचारतात म्हणून सांगतो: काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन, हे या घरांचं वडीलधारं नातेवाईक म्हणता येईल. त्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने मुंबईला आला आणि इथे जोडला गेला. पण तो एका इमारतीसाठी खास केलेला होता. कॅटलॉगच्या घराचं वेगळेपण हे की तोच नमुना कुणालाही, कुठेही, छापलेल्या किमतीला मिळत असे.

आता तुमच्या घराकडे. दलालाने सांगितलेलं १९२६ साल खरं असेल तर लाकडावर खुणा मिळायला हव्यात. तळघरात बॅटरी घेऊन जा आणि उघड्या कड्यांची टोकं पाहा, माळ्यावर वाशांची. सिअर्सची खूण म्हणजे शाईने उमटवलेलं एक इंग्रजी अक्षर आणि पुढे एक ते तीन आकडे, बहुधा टोकापासून काही इंचांवर. सगळ्या कड्यांवर ती दिसणार नाही, कारण पुष्कळ टोकं भिंतीत गाडलेली असतात. पण पाच-दहा जागी तरी दिसली पाहिजे. इतर कंपन्यांच्या खुणा वेगळ्या पद्धतीच्या असत, म्हणून फक्त 'आकडे आहेत' एवढ्यावर थांबू नका, फोटो काढा. आणि वखारीच्या प्रतवारीचे शिक्के या खुणांमध्ये मोजू नका.

खुणा मिळाल्या किंवा नाही मिळाल्या, तरी पुढची पायरी नकाशा. सिअर्सच्या जुन्या कॅटलॉगची पुनर्मुद्रणं मिळतात. चेहरा जुळला म्हणून खूश होऊ नका. पडवीचे खांब आणि दुपाखी छप्पर त्या काळात सगळेच करत होते, आणि कंपन्या एकमेकांच्या लोकप्रिय नमुन्यांची सर्रास नक्कल करत. घराची बाहेरची लांबी-रुंदी टेपने मोजा. ती कॅटलॉगशी फुटाफुटाला जुळली पाहिजे. मग आत खोल्यांची रचना, जिन्याची जागा, धुराड्याची जागा, खिडक्यांची संख्या. डाव्या-उजव्याची अदलाबदल मान्य, कारण कंपनी नकाशा उलटा करून देत असे. जिना वेगळ्या भिंतीला असेल तर ते घर बहुधा दुसऱ्याचं.

तिसरा पुरावा कागदावरचा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात भक्कम. काउंटीच्या (जिल्ह्याच्या) रेकॉर्डर कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदवतात तिथे, त्या जमिनीची १९२० च्या दशकातली गहाणखतं काढायला सांगा. सिअर्सने कर्ज दिलं असेल तर कर्जाचा विश्वस्त म्हणून कंपनीचा माणूस सही करत असे, वॉकर ओ. लुईस आणि ई. हॅरिसन पॉवेल ही त्यातली दोन नावं. अशी सही मिळाली तर सिअर्सच्या कर्जाबद्दल वाद उरत नाही, आणि नकाशा जुळत असेल तर घराबद्दलही नाही. रोखीने घेतलेल्या घरांना मात्र हा पुरावा नसतो. नगरपालिकेत बांधकाम परवाना उपलब्ध असेल तर तोही पाहा.

एक सापळा टाळा. दाराच्या चौकटीमागे होमन अव्हेन्यूचा पत्ता असलेलं लेबल, किंवा बेसिनखाली सिअर्सची खूण, एवढ्याने घर सिअर्सचं ठरत नाही. सिअर्स दारं, खिडक्या आणि बेसिनं कुणालाही सुटी विकत असे. तपासणीत खुणा वेगळ्या निघाल्या आणि अ‍ॅलॅडिनचा संशय आला तर मात्र नशीब चांगलं समजा. त्या कंपनीचे कागद मिशिगनमधल्या सेंट्रल मिशिगन विद्यापीठाच्या क्लार्क ऐतिहासिक ग्रंथालयात जपलेले आहेत आणि तिथे चौकशी करता येते.

घ्यावं का, या प्रश्नाचं उत्तर या सगळ्यापेक्षा वेगळं आहे. कंपनीची जबाबदारी रेल्वे स्टेशनपर्यंत. त्यापुढे पाया कोणी घातला, फ्रेम ओळंब्यात कोणी उभी केली, पाणी जायची वाट कोणी ठेवली, हे त्या कुटुंबावर आणि गावातल्या गवंड्या-सुतारांवर अवलंबून होतं. एकाच नमुन्याची दोन घरं मी तपासली आहेत; एकात जमिनीवर गोटी ठेवली तर हलत नव्हती, दुसऱ्यात पाया खचून मधली तुळई बोटभर वाकली होती. म्हणून नावाऐवजी घर तपासा. सिअर्सच्या आतही प्रती होत्या: 'ऑनर बिल्ट' ही भक्कम प्रत, आणि उबदार हवामानासाठी किंवा कमी पैशात घर हवं असणाऱ्यांसाठी त्याहून हलकी. कड्या आणि वासे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे मोजलं की अंदाज येतो.

लाकूड बहुधा तुमच्या बाजूने असेल. फ्रेमला दक्षिणेकडचं येलो पाइन, बाहेरच्या कामाला पुष्कळदा सायप्रस, आणि तेही जुन्या जंगलांतलं, घट्ट वलयांचं. असं लाकूड आज वखारीत मिळत नाही. जुन्या येलो पाइनमध्ये आधी भोक न पाडता खिळा ठोकला तर वाकतो. दुरुस्तीत आणखी एक अडचण येते. १९२४ च्या मापानुसार दोन बाय चारचा स्टड प्रत्यक्षात एक आणि पाच अष्टमांश इंच बाय तीन आणि पाच अष्टमांश असे. आजचा दीड बाय साडेतीन असतो. जुन्या भिंतीत नवे स्टड घातले तर अष्टमांश इंचाची पट्टी लावून सपाटी आणावी लागते, नाहीतर वर बसवलेला ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचा तक्ता, लाटा घेतो.

तपासणीदाराला चार गोष्टी ठळकपणे विचारा. भिंतींतली पोकळी तळघरापासून माळ्यापर्यंत सलग आहे का. असेल तर आग काही मिनिटांत वर चढते, मधे लाकडी अडसर बसवून घ्यावे लागतात. जुनी नॉब अँड ट्यूब वायरिंग, म्हणजे चिनीमातीच्या खुंट्या आणि नळ्यांतून नेलेल्या सुट्या तारा, कुठे जिवंत आहे का. विमा कंपन्या त्यावरून अडतात. जस्ताचा मुलामा दिलेले जुने नळ आतून किती बुजले आहेत. आणि शिशाचा रंग: १९७८ च्या आधीच्या घरात तो असणार असंच धरून चाला, लहान मुलं असतील तर खिडक्या घासायचं काम स्वतः करू नका.

किमतीबद्दल स्पष्ट सांगतो. पुरावा नसेल तर 'सिअर्स' या शब्दासाठी एक डॉलरही वाढवू नका. पुरावा असेल तरी साध्या नमुन्याला बाजारात फारसा जास्त भाव मिळत नाही. 'मॅग्नोलिया'सारख्या, १९१८ ते १९२२ दरम्यान विकल्या गेलेल्या खांबांच्या मोठ्या घराची गोष्ट वेगळी; तशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. तुमचं घर पक्कं सिअर्सचं निघालं आणि तुम्ही घेतलं, तर खुणांचे फोटो, मोजमापं आणि गहाणखताची प्रत गावच्या इतिहास मंडळाकडे द्या. मूळ यादी नष्ट झाल्यावर ती पुन्हा अशीच, एकेका मालकाने दिलेल्या पुराव्यावर, तयार होते आहे. आणि तळघर रंगवायचं असेल तर कड्यांची टोकं आधी पाहून घ्या. रंगाऱ्याला ते आकडे नको असलेले डाग वाटतात आणि तो पहिल्यांदा तेच पुसतो.